काका, त्या एका ग्लासासाठी

प्रिय काका,

चार दिवस झाले, तुम्हाला फोन करायचं म्हणते आणि फोन हातात घेतला की घसा दाटून येतो. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते हॉलमधल्या फार तर दोघातिघांच्या लक्षात आलं असेल.

आमचं संग्रहालय तुम्ही पाहिलंतच. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीकाठच्या गावातल्या दोन खोल्या, पगारी माणूस एकही नाही. माल्टची म्हणजे व्हिस्कीसाठी मोड आणलेल्या बार्लीची लाकडी फावडी, पिंपं बांधणाऱ्यांची हत्यारं, बंद पडलेल्या रेल्वेचे फोटो, कामगारांच्या हजेरीवह्या. गेल्या हिवाळ्यात छप्पर गळायला लागलं आणि त्या वह्यांच्या कपाटाशेजारी बादली ठेवायची वेळ आली. शंभर वर्षांची नावं आहेत त्यांत. ती भिजताना बघणं मला सहन होत नव्हतं. छपरासाठी पैसे उभे करायचे तर व्हिस्की टेस्टिंग करू, असं मीच सुचवलं. या भागात डिस्टिलरीशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं.

टेस्टिंग घ्यायला आधी ज्यांनी होकार दिला होता त्यांचं नाव घेत नाही. पण भर बैठकीत माझ्यासमोर ते म्हणाले होते, "जिने कधी थेंब चाखला नाही तिला यातलं काय कळणार?" कुणी काही बोललं नाही. मीही नाही. कार्यक्रमाला नऊ दिवस राहिले आणि त्यांचा दोन ओळींचा मेल आला, जमणार नाही. तिकिटं विकून झाली होती. आणखी दोघांना विचारलं, एक म्हणाले बघतो, दुसरे म्हणाले कळवतो. अजून बघताहेत आणि कळवताहेत.

तुमचा नंबर मला कुणीतरी दिला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मी इंग्रजीत सुरुवात केली, आडनाव सांगितलं आणि तिकडून आवाज आला, "मराठी का गं तू?" काका, त्या प्रश्नानेच निम्मा भार उतरला. मी कोल्हापूरची, तुम्ही कोपरगावकडचे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीच्या वासात नोकरीला लागलात आणि तिथून इथवर आलात. मानधनाचं तुम्ही विचारलं नाहीत, माणसं किती तेही नाही. विचारलंत, "संग्रहालयात वस्तू काय काय आहेत?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला कार्यक्रमाच्या दिवशी कळला. पहिला ग्लास उचलण्याआधी तुम्ही फावडं उचललंत. भिजवलेली बार्ली जमिनीवर पसरायची आणि मोड एकमेकांत गुंतू नयेत, आत उष्णता साठू नये म्हणून दिवसरात्र ती हाताने उलटत राहायची. वर्षानुवर्षं तेच केल्याने एक खांदा खाली उतरायचा, त्याला हे लोक मंकी शोल्डर म्हणत. आज ते एका बाटलीवरचं नाव आहे, तेव्हा ते दुखणं होतं. तुम्ही हे सांगत असताना दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने नकळत स्वतःचा उजवा खांदा चोळला. मग ती तांब्याची नळी. तळाला जुनं नाणं डाग देऊन बसवलेलं, वर बूच. गोदामातून व्हिस्की लपवून न्यायला कामगार ती पँटच्या आत सोडत आणि तिला लाडाने कुत्रा म्हणत. सगळे हसले. एक आजी मात्र गप्प होत्या. नवऱ्याचा तसलाच कुत्रा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन त्या संग्रहालयाच्या दारात हजर.

गोव्याची बाटली तुम्ही घरच्या कपाटातून आणलीत, कुंकळ्ळीची पॉल जॉन. इथे पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के दारू उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात ती कितीतरी जास्त उडते, म्हणून तिथली व्हिस्की लवकर पिकते, हे तुम्ही ज्या अभिमानाने सांगितलंत त्याने मला एकदम घरची आठवण आली.

पण हे सगळं लोकांनी पाहिलं. मला लिहायचंय ते त्या ग्लासाबद्दल.

मी दाराशी उभी होते, तिकिटांचा डबा घेऊन. आत जायचं मनातही नव्हतं. बैठकीतलं ते वाक्य कानातून गेलं नव्हतं. तुम्ही मला हाताने बोलावलंत. पहिल्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची रिकामी ठेवलेली, समोर एकच ग्लास, त्यावर काचेची चकती झाकलेली आणि खाली वहीच्या कागदाचा तुकडा. त्यावर निळ्या शाईत, देवनागरीत माझं नाव आणि "फक्त वासासाठी". व्हिस्की तुम्ही आधीच पाण्याने निम्मी करून ठेवली होती. हळूच म्हणालात, "व्हिस्कीचं मिश्रण ठरवणारे ब्लेंडर लोक दिवसभर असंच काम करतात गं. प्यायले तर संध्याकाळपर्यंत उभे कसे राहतील? नाकाला परवाना लागत नाही."

चकती काढली. आधी काहीच कळलं नाही, नुसतं नाकात झोंबलं. तुम्ही म्हणालात, तोंड थोडं उघडं ठेव, घाई करू नकोस. दुसऱ्यांदा वास घेतला आणि मला आजीच्या घरातलं पितळी पातेलं दिसलं, शिऱ्यासाठी रात्री भिजत घातलेल्या मनुकांचं. ते मी तुम्हाला मराठीतच सांगितलं, पुटपुटत. तुम्ही वळून सगळ्या हॉलला इंग्रजीत सांगितलंत, की या बाईंना भिजवलेल्या मनुका आल्या आणि त्या बरोबर आहेत, कारण हे पिंप आधी शेरीचं, म्हणजे स्पॅनिश वाइनचं होतं. पन्नास माणसांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेले. माझ्या शब्दावर.

ज्यांनी मला बैठकीत गप्प केलं त्यांची गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नव्हती. तुम्ही फक्त पाहिलंत, की एक बाई स्वतःच ठरवलेल्या कार्यक्रमात दाराबाहेर उभी आहे. गाडी चालवून घरी जाणाऱ्यांसाठी तुम्ही छोट्या बाटल्या भरून, चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या, तेही असंच. कोण मागे राहतंय तिकडे तुमची नजर जाते. अशी माणसं गावात चार असली तरी गाव चालतं, असं माझे वडील म्हणायचे. मोठेपणा मिरवणारे मी पुष्कळ पाहिले, खुर्ची रिकामी ठेवणारे फार थोडे.

पैसे पुरेसे जमले. सुतार येऊन माप घेऊन गेला, काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. हजेरीवह्या तोवर माझ्या घरी, कोरड्या खोलीत आहेत.

तुमचा ग्लास माझ्याकडेच राहिलाय. धुवायला हात होत नाही, अजून थोडा वास आहे त्यात. गुरुवारी दुपारी संग्रहालय उघडं असतं. या, काकूंनाही आणा. आलं घातलेला चहा करते, आणि शिराही, मनुका घालून.

तुमची,
दाराशी उभी असलेली