चंद्रीविषयी, आई-बाबांना

नागपूर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांना बोलता येईना आणि मलाही काही सुचेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. आपली चंद्री घोडी गेली, तिला वाडीतच पुरले, एवढे आईने सांगितले. पण बाबा पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत राहिले, ‘संध्याकाळी हिरवा चारा घातला नसता तर वाचली असती.’ त्या एका वाक्यासाठी मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली आहे आणि तिचा बराच काळ घोड्यांवर उपचार करण्यात गेला आहे.

बाबा, तुम्ही मला जे सांगितले होते ते सगळे मी तिच्यापुढे मांडले: संध्याकाळी चंद्री नीट खात होती, मध्यरात्री एकदम लोळू लागली, डॉक्टरांनी दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन दिले तरी तासाभरात पुन्हा तळमळू लागली, आणि पहाटे ओठ उचलून पाहिले तेव्हा हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. तिचे म्हणणे असे की, म्हाताऱ्या घोड्यांच्या पोटात आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर चरबीची गाठ वाढते, ती देठाने लोंबत राहते आणि एखाद्या दिवशी तो देठ आतड्याभोवती फास बसल्यासारखा आवळला जातो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरचे सगळे पोटातच तुंबते. शस्त्रक्रियेवाचून त्याला दुसरा उपाय नाही. तीही काही तासांत आणि घोड्यांसाठी सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी लागते. पोट उघडून न पाहता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण तिच्या मते बहुधा असेच झाले असावे. आणि चार पेंढ्या हिरव्या चाऱ्याने अशी गाठ होत नाही. तुम्ही आता तो चारा मनातून काढून टाकावा, ही माझी विनंती आहे.

त्या शेवटच्या रात्रीपेक्षा चंद्रीच्या कामाची आठवण मला अधिक येते. २००९ साली तुम्ही तिला आणले तेव्हा अर्ध्या नागावाने तुम्हाला हसून घेतले होते. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याला माणसे नेणाऱ्या गाडीवानाने मिनीडोर रिक्षा घेतली आणि ‘ही सारंगखेड्याच्या बाजारातली आहे’ असे सांगून घोडी तुमच्या गळ्यात मारली, असे काका म्हणत. तुम्ही मात्र व्यवहाराआधी तिचा जबडा उघडून पुढचे दात एकेक करून पाहिले होते आणि ‘पाच पुरी झाली, सहावे चालू असेल’ असे सांगितले होते. घोडी काय भात लावणार, हा लोकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. चिखलात बैलाचे आणि रेड्याचे दुभंगलेले खूर फाकतात म्हणून ते तग धरतात. घोड्याचे एकसंध खूर रुततात. म्हणून चिखलणीला तुम्ही तिला एकदाही उतरवले नाही, त्या कामाला पॉवर टिलर आला. चंद्रीने गाडी ओढली. कापणीनंतर भाताचे भारे खळ्यावर, पाडलेले नारळ वखारीवर आणि सुपारीची पोती रस्त्यापर्यंत तिनेच पोचवली. टेम्पो आमच्या वाडीच्या अरुंद वाटेत शिरत नाही, हे तुम्हा दोघांना मी सांगायला नको.

आजीला किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शन हवे होते ते वर्ष आठवते का? राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले ते देऊळ तिने लग्नानंतर पाहिले नव्हते, आणि ओल्या वाळूतून चालत जाणे तिच्या गुडघ्यांना जमण्यासारखे नव्हते. माघी चतुर्थी होती. तुम्ही तिथीची पाऊणपट करून भरती दुपारी तीनची धरलीत, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी, आणि पहाटेच चंद्रीला घेऊन अलिबागला निघालात. आजी देवळात रेंगाळली, परत फिरायला उशीर झाला आणि मध्यावर पाणी चाकाच्या तुंब्याला लागले. तेव्हा चंद्री थांबली. लगाम सैल होता तरी ती पुढे जाईना. पुढचा उजवा पाय उचलून तिने पाण्याखालची वाळू चाचपली, पाय मागे घेतला, गाडी आपणहून थोडी डावीकडे वळवली आणि मग एकदाही न अडखळता आम्हाला किनाऱ्यावर आणले. गाडीवानाकडे तिने तो रस्ता किती वेळा तुडवला असेल कोण जाणे. घरी आल्यावर आईने आधी विहिरीचे पाणी काढून तिचे पाय धुतले आणि मग आम्हाला चहा दिला, हेही माझ्या लक्षात आहे. (आई, तेव्हा मला त्याचा थोडा राग आला होता.)

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतरचे दिवस मी प्रत्यक्ष पाहिले, कारण टाळेबंदीमुळे मी घरीच अडकले होते. निम्म्या पोफळी आडव्या, नारळ मुळासकट उपटलेले आणि वाटा बंद. वीज नव्हती, यंत्रे मिळत नव्हती, आणि जी मिळत होती ती आत येऊ शकत नव्हती. चंद्री तेव्हा सतरा वर्षांची असावी, आणि घोड्याच्या हिशेबात ते वय निवृत्तीचेच. तरी तुम्ही पोफळीचे खोड दोराने बांधून, एका वेळी एकच, तिच्याकडून बाहेर ओढून घेत होतात आणि दर खेपेनंतर तिला सावलीत उभी करून तिचा श्वास खाली बसेपर्यंत स्वतःही तिथेच उभे राहत होतात. नारळाच्या खोडांना तुम्ही तिला हात लावू दिला नाही. ती करवतीने कापून माणसांनी उचलली. शेजाऱ्यांना यात वेळ दवडल्यासारखे वाटत होते. मला वाटते, वाडी त्या वर्षी ज्या रीतीने मोकळी झाली तीच रीत बरोबर होती.

त्यानंतर तिने गाडी जवळजवळ ओढलीच नाही. एक व्यापारी येऊन तिची किंमत सांगून गेला आणि तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारले नाही, ही हकिगत आईने मला हसत सांगितली होती. कामाचा नसलेला जीव पोसणे हा बिनहिशेबी कारभार आहे, असे म्हणणारे आपल्या नात्यातही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याची मला आता इच्छा नाही. तिच्या दाढा झिजल्या आणि अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे गव्हाणीखाली पडू लागले, तेव्हा आईने ते पाहून गवत विळीवर बारीक चिरायला सुरुवात केली, रात्री हरभरा भिजत घातला आणि कोंड्यात गुळाचे पाणी मिसळले. पावसाळ्यात तिचे खूर सडू नयेत म्हणून बाबा गोठ्यात किनाऱ्यावरची वाळू पसरायचे आणि ओली झाली की पुन्हा काढायचे. इतक्या वयापर्यंत घोडी जगली ती यामुळे, आणि हे माझ्या मैत्रिणीनेही न विचारता सांगितले.

आता बाबांनी विचारलेल्या गोष्टींबद्दल. गाडी विकायला हरकत नाही. चाके चांगली आहेत आणि नुसती उभी राहिली तर ती वाळवी खाईल. साज मात्र किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्या त्या तरुण मुलाला द्यावा, पैसे घेऊ नयेत. कातड्याला आधी तेल लावून द्यावे. घुंगरमाळ आईला ठेवायची आहे, ती ठेवावी. दुसरी घोडी आणण्याचा विचार मात्र बाबांनी करू नये, असे मी स्पष्टच लिहिते. घोड्याला पंचवीस वर्षे द्यावी लागतात आणि पहाटे खरारा करायला माणूस लागतो. तुमच्या गुडघ्यांना आता ते झेपणार नाही, आणि मी इथून येऊन ते करू शकणार नाही.

खड्ड्यात मीठ घातले त्याचा झाडांना त्रास होईल का, असे आईने विचारले होते. नारळाला मिठाचे काही वाटत नाही, पण पोफळीला ते सोसत नाही, तेव्हा पोफळीची नवी रोपे त्या बाजूला लावू नयेत. कुत्री उकरतील म्हणून वर काटेरी फांद्या टाकून ठेवाव्यात. माती पावसाळ्यात नक्की खचेल. मी शिमग्याला येते आहे, तेव्हा आपण वर दोन गाड्या माती टाकून घेऊ. तोवर बाबांनी एकट्याने फावडे उचलू नये.

तुमची,
धाकटी