आरोग्यमंत्री साहेब, आमच्या मॅडम कुठे गेल्या?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक मॅडमचं ११ महिन्यांचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही. खोलीला कुलूप, बाहेर पोस्टर: ‘मनातलं बोला’. कोणाशी, ते छापायचं राहिलंय.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेचं नाव काढलं की छातीत धडधड, उलट्या, हातपाय गार. ‘नाटकं करते’ हे घरीदारी ऐकून झालं. मॅडमनी तिला वही लिहायला लावली: भीती वाटली तेव्हा मनात काय आलं आणि खरंच काय घडलं. मग पायरीपायरीने शाळा. आधी फाटक, मग ग्रंथालय, मग वर्गात एक तास. दुसऱ्या तासापर्यंत आलो होतो साहेब! आता पोरगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. तिच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली आहे. का, ते तुम्हाला सांगायला नको.

गोळ्या चालू आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण या वयात गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, जीव देण्याचे विचार वाढू शकतात, असं डॉक्टरच म्हणाले. लक्ष ठेवणारं माणूस नेमकं तेव्हाच काढलंत. वर सल्ला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ला फोन करा. रात्री दोन वाजता तो आधार आहे, मान्य. शाळेच्या फाटकापर्यंत सोबत कोण येणार?

२०२२ साली देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, सतराशेच्या वर. एनसीआरबीचेच, म्हणजे केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचेच आकडे आहेत. पहिला नंबर म्हणून याचा फ्लेक्स कुठे दिसला नाही.

शिक्षक कंत्राटी, नर्स कंत्राटी, मी अंगणवाडी सेविका, मला तर पगारच नाही, ‘मानधन’! पेन्शन मात्र एकदा निवडून आलेल्या आमदाराला जन्मभर.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ वाचलंत? जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने करायचा आहे. खाजगीत तासाला दीड हजार मोजतेय, पावत्या जपून ठेवल्यात. कोणत्या टेबलावर द्यायच्या तेवढं कळवा. त्या टेबलावरचा माणूस तरी कायम आहे ना?

एक अंगणवाडी सेविका