लाल टोपीची सिरिंज

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुखापतीतून लवकर सावरण्याविषयी एक लेख होता. झोप, बर्फाचा शेक, प्रथिनं या ओळीतच ‘पेप्टाइड थेरपी’ असे दोन शब्द येऊन गेले आणि लेख पुढे सरकला. मी जयसिंगपुरात सत्तावीस वर्षं औषधाचं दुकान चालवते. ते दोन शब्द माझ्या काउंटरवर कसे येतात हे सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

ते सिरिंज मागत येतात. महिन्यापूर्वी एक पोरगा आला. वय बावीस-तेवीस, दोन्ही कान मोडलेले. तालमीतला आहे हे विचारावं लागलं नाही. ‘काकू, इन्शुलिनच्या धा सिरिंजा द्या.’ घरात साखर कुणाला आहे विचारलं, तर लाजला. मग खिशातून करंगळीएवढी बाटली काढली. निळं झाकण, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. ‘बीपीसी हाय. खांद्याला. स्टेरॉइड न्हवं काकू, पेप्टाइड हाय. आपल्या अंगात असतंयच की ते.’

मी चष्मा लावून लेबल वाचलं. बीपीसी-१५७, पाच मिलिग्रॅम, आणि खाली बारीक इंग्रजीत ‘फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये’. बस. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. साध्या पॅरासिटामॉलच्या पट्टीवर हे सगळं छापलेलं असतं; नसेल तर ती पट्टी मी दुकानात ठेवू शकत नाही. ही बाटली कुरिअरनं आली होती, जिममधल्या एका ‘दादा’च्या ओळखीनं, चार हजार रुपये मोजून आणि बिलाशिवाय. इन्शुलिन मी दोन ते आठ अंश तापमानात जपते, लाइट गेली की जीव खालीवर होतो. आणि ही पूड मे महिन्यात कुठल्या टेम्पोत किती दिवस भाजली असेल, कुणास ठाऊक.

पेप्टाइड या शब्दाला मी घाबरत नाही. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी, एवढाच त्याचा अर्थ. इन्शुलिन हे पेप्टाइडच. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं आणि तेव्हापासून त्यानं किती घरं सावरली याचा हिशेब नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला देतात ते ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांचं. (दुधातून घ्यायच्या कोलाजेन पेप्टाइडच्या डब्यांबद्दलही लोक विचारतात. ते खाणं आहे, पोटात पचतं; परवडत असेल तर घ्या, नाहीतर डाळ-अंडी आहेतच.) तेव्हा पेप्टाइड चांगलं की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठलं, कुणी बनवलेलं, कुणावर तपासलेलं, हे विचारायला हवं.

बीपीसी-१५७ ही पंधरा अमिनो आम्लांची साखळी. जठररसातल्या एका प्रथिनाचा तुकडा, असं सांगतात; बाटलीतली मात्र प्रयोगशाळेत जोडलेली असते. त्यावरचं बरंचसं काम क्रोएशियात, झाग्रेबमधल्या एकाच गटानं केलेलं आहे आणि ते मुख्यतः उंदरांवर. उंदराची कापलेली कंडरा, म्हणजे आपण जिला शीर म्हणतो ती, लवकर जुळली. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती रेंगाळत भरते. नव्या रक्तवाहिन्या फुटल्या तर ती लवकर भरेल, हा विचारही पटण्यासारखा आहे. पण नव्या रक्तवाहिन्या कर्करोगाच्या गाठीलाही हव्या असतात. माणसांवरचे प्रयोग बोटांवर मोजण्याइतके आणि लहान.

उंदरावरून माणसाचं सांगता येतं का? माझ्या सासूबाईंना मणक्याचं हाड पिचल्यावर टेरिपॅराटाइडचं पेन दिलं होतं. तेही पेप्टाइडच, चौतीस अमिनो आम्लांचं. अमेरिकेत २००२ साली मंजूर झालं. उंदरांना मोठे डोस दिल्यावर हाडाचा कर्करोग झाला होता, म्हणून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायचे. माणसांत तसं काही दिसेना, तेव्हा २०२० मध्ये अमेरिकेत ती चौकट काढली. अठरा वर्षं! उंदराला झालेला अपाय माणसाला झाला नाही, हे कळायला एवढा काळ गेला, आणि तोही नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, डॉक्टर आणि सरकार मागे उभे असताना. उंदराला झालेला फायदा माणसाला होईल की नाही, हे मात्र आमची पोरं तीन आठवड्यांत स्वतःच्या खांद्यावर ठरवायला निघाली आहेत.

आता सिरिंजचं. हे मी कुठे छापलेलं पाहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. मोबाइलवर पाहून पोरं डोस ‘युनिट’मध्ये मोजतात. परदेशातल्या त्या व्हिडिओत असते ती शंभरची सिरिंज, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर युनिटची. तिच्यावरचे दहा युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर. आपल्याकडे चाळीसच्या, म्हणजे मिलिलिटरला चाळीस युनिटच्या, इन्शुलिनच्या कुप्या अजून भरपूर खपतात, त्यामुळे ‘इन्शुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं की बहुतेक दुकानांत हाताशी येते ती लाल टोपीची, चाळीसची. तिच्यावरचे दहा युनिट म्हणजे ०.२५ मिलिलिटर. आकडा तोच, औषध अडीचपट. शंभरची टोपी नारंगी असते. साखरेच्या रुग्णांना हा फरक आम्ही घोकून घेतो. या पोराला मी दोन्ही टोप्या शेजारी ठेवून दाखवल्या. तो गप्प झाला. त्याच्या ‘दादा’नं टोपीचा रंग सांगितलाच नव्हता.

दुसरी गोष्ट ऐकून तर तो खालीच बसला. बीपीसी-१५७ हे २०२२ पासून ‘वाडा’च्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत आहे, स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही. त्याच्या जोडीला विकतात ते टीबी-५०० नावाचं दुसरं पेप्टाइडसुद्धा यादीत आहे. उद्या हा पोरगा राष्ट्रीय पातळीवर गेला आणि नमुन्यात हे सापडलं, तर ‘खांद्यासाठी घेतलं होतं’ हे कुणी ऐकून घेणार नाही. अंगात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. वस्तादांनी त्याच्या खुराकातला बदाम न् बदाम मोजला असेल. पण ही बाटली वस्तादांना माहीत नव्हती.

अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आमच्याकडे येतात, रजिस्टर तपासतात. एखादी नोंद राहिली तर बोलणी खावी लागतात, आणि ते योग्यच आहे. पण व्हॉट्सअॅपवर इंजेक्शन विकणाऱ्याकडे ना दुकान, ना रजिस्टर. त्याच्यापर्यंत कोण जाणार? माझ्या व्यवसायबंधूंनाही माझी विनंती आहे: सिरिंजला चिठ्ठी लागत नाही हे खरं, पण ‘इन्शुलिन कोणतं चालू आहे’ एवढं विचारायला गिऱ्हाइकाची रांग आडवी येत नाही. आणि आपल्याला विनंती अशी, की पुन्हा हा विषय छापाल तेव्हा तो बर्फ आणि झोपेच्या ओळीत बसवू नका. हे टोचायचं औषध आहे आणि त्याला कुठल्याही देशाच्या औषध नियंत्रकाची मंजुरी नाही, हे त्याच वाक्यात येऊ द्या.

त्या पोराच्या खांद्याची शीर अर्धवट फाटली आहे. फिजिओथेरपिस्टनं तीन महिने रबरी पट्ट्यांचे व्यायाम सांगितलेत आणि गावच्या जत्रेचं मैदान सहा आठवड्यांवर होतं. त्याची घाई मला कळते. मी सिरिंजा दिल्या नाहीत. बाटली त्यानं पुन्हा खिशात घातली, ‘येतो काकू’ म्हणाला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. त्याला तिथे कुठल्या रंगाची टोपी मिळाली, ते मला दिसलं नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक फार्मासिस्ट, जयसिंगपूर

(गाव लहान आहे. माझं नाव छापलं तर पोरगा ओळखू येईल, म्हणून ते छापू नये.)