मेडिकल बोर्डाची फाइल सैनिकाच्या लॉगिनमध्ये द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय जय हिंद.

संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलमुळे माजी सैनिकांची बरीच पायपीट वाचली आहे. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मोबाइलवर उघडतो आणि हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. अपंगत्व पेन्शन नाकारली गेली की मात्र हाच सैनिक पुन्हा टपालाच्या काळात जातो. मेडिकल बोर्डाची, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची, फाइल मिळवायला सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवायचे, उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. हे पत्र त्या फाइलीबद्दल आहे: ती स्कॅन होऊन सैनिकाला पोर्टलवरच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये मिळावी.

दाव्याचा निकाल एका फॉर्मवर लागतो, एएफएमएसएफ-१६. अपंगत्व किती टक्के, किती काळासाठी आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा वाढले का, हे बोर्ड त्यात लिहिते. टक्केवारी २० च्या खाली गेली की सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याचा दावा फेटाळला जातो. टक्केवारी कितीही असली आणि ‘सेवेमुळे उद्भवले नाही, वाढलेही नाही’ असा शेरा पडला, तरी तेच. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे धरले पाहिजे आणि बोर्डाने उलट मत दिले तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. म्हणजे अपिलाचा सगळा भार दोन कागदांवर येतो. एक, भरतीच्या तपासणीचा कोरा रकाना. दुसरा, एएफएमएसएफ-१६ मधला कारणांचा रकाना. हे दोन्ही पाहिल्याशिवाय लिहिलेले अपील म्हणजे नुसती विनवणी असते.

बाकीचे कागदही लागतातच. सेवाकाळात वैद्यकीय कॅटेगरी बदलणाऱ्या बोर्डांचे एएफएमएसएफ-१५, लष्करी रुग्णालयातील केस शीट, दुखापत असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट आणि चौकशी झाली असल्यास तिची कार्यवाही. हृदयविकारात आजार सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांत त्या माणसाकडे कोणती ड्युटी होती याचा तपशील बोर्ड पाहते, आणि तो युनिटमधून यावा लागतो. रक्तदाबाच्या प्रकरणात ‘आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला’ हे नाकारण्याचे नेहमीचे कारण. त्याला उत्तर द्यायचे तर पोस्टिंगची तारीखवार यादी हवी, आणि प्रत्येक ठिकाण फील्ड होते की पीस (शांतता क्षेत्र) हेही त्यात हवे. डिस्चार्ज बुकात एवढा तपशील नसतो.

हे कागद एका जागी नसतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला. नौसैनिकांचे मानखुर्दला, हवाई दलाचे दिल्लीला. थलसेनेची पेन्शन मंजुरी प्रयागराजची. एकाच गल्लीतल्या तीन माजी सैनिकांना तीन राज्यांत अर्ज करावे लागतात.

आता मुदतींचा हिशेब पाहा. पेन्शनच्या नकाराविरुद्ध पहिल्या अपिलाला सहा महिने. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली की त्या कायद्याखालचे पहिले अपील, आणि त्याच्या निकालाला ४५ दिवसांपर्यंत. उत्तर ‘कागद रुग्णालयाकडे आहेत’ असे आले, तर तिथे नव्याने सुरुवात. सहा महिन्यांपैकी चार महिने कागद मागण्यातच जातात. उशिरा सशस्त्र सेना लवादाकडे गेलेल्याला, दावा खरा ठरला तरी, अनेक प्रकरणांत मागची तीनच वर्षांची थकबाकी मिळते. उशीर फाइलीमुळे झालेला असतो आणि पैसे त्याचे कापले जातात. म्हणून अपिलाची मुदत नकाराच्या पत्रापासून न मोजता पूर्ण फाइल हातात पडल्याच्या तारखेपासून मोजा.

महोदय, सर्वांत तातडीची गोष्ट याहून वेगळी आहे. थलसेनेच्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ प्रमाणे पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात आणि लाँग रोल या कायमच्या यादीतली जुजबी नोंद तेवढी उरते. पण पेन्शन नसलेला म्हणजे कोण? पाच-सात वर्षांच्या नोकरीत आजारी पडलेला, बोर्ड आउट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवामुक्त होऊन, घरी आलेला आणि अपंगत्व पेन्शन नाकारली गेलेला जवान याच वर्गात मोडतो. ज्याला फाइलीची सगळ्यांत जास्त गरज, त्याचीच फाइल आधी जळते. या शतकाच्या सुरुवातीला घरी पाठवलेल्यांची २५ वर्षे आत्ता भरत आहेत. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्या प्रत्येकाची फाइल नष्ट करणे आजच थांबवा आणि स्कॅनिंगची सुरुवात याच गठ्ठ्यांपासून करा. नव्या फाइली वर्षभर थांबू शकतात.

स्कॅनिंग कसे होते यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कागद दोन्ही बाजूंनी आणि रंगीत स्कॅन व्हावेत, किमान ३०० डीपीआयला. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लाल शाईच्या नोंदी आणि फिकट शिक्के उडतात, आणि कार्बन कॉपीवरची टक्केवारी तर वाचताच येत नाही. डॉक्टरांचे हस्ताक्षर मशीनला नीट वाचता येत नाही, त्यामुळे ओसीआरवर, म्हणजे मशीनने अक्षरे ओळखण्यावर, भिस्त ठेवू नये. प्रत्येक कागदाचा प्रकार, तारीख आणि पानांची संख्या माणसाने पाहून भरावी, कारण ‘१९’ चे ‘१४’ वाचले गेले तर ते शोधायला पुन्हा मूळ कागदच लागतो. कागद लावण्यासाठी सॉफ्टवेअर जरूर वापरा. दाव्याचे मत मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

शोध चुकतो तो बहुधा क्रमांकामुळे. जवान बढतीने जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाला की त्याला नवा जेसी क्रमांक मिळतो, पण तरुणपणीचे रुग्णालयाचे कागद जुन्या क्रमांकावरच राहतात. सेवा क्रमांकाच्या शेवटचे चेक अक्षर एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. नावाचेही तसेच: सेवापुस्तकात नुसते नाव, आधारवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. म्हणून दोन्ही सेवा क्रमांक एकाच नोंदीला जोडा, आणि नाव जुळले नाही म्हणून अर्ज परत न करता जन्मतारीख व भरतीची तारीख ताडून पाहा.

मोबाइल क्रमांक बदलला की ओटीपी येत नाही आणि पोर्टलचे दार बंद होते. वीरपत्नी आणि निवृत्तिवेतनधारकांच्या विधवांना हा त्रास जास्त होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अंगठा किंवा चेहरा पडताळून छापील प्रत मिळण्याची सोय हवी. मानसिक आजाराच्या फाइली बऱ्याच आहेत. त्या फक्त संबंधित व्यक्तीला किंवा तिने लेखी नेमलेल्या माणसाला उघडता याव्यात, आणि फाइल कोणी केव्हा उघडली याची नोंद सैनिकाला दिसावी.

प्रत्येक प्रत डिजिटल सहीची असावी आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आपोआप निघावे, म्हणजे लवादापुढे प्रतीच्या खरेपणावर तारखा वाया जाणार नाहीत. जो कागद सापडला नाही त्याच्या जागी ‘सापडला नाही’ अशी सहीची नोंद यावी. कागद नसल्याची कबुलीही सैनिकाच्या बाजूचा पुरावा असते.

फाइली नष्ट करणे थांबवण्याचा आदेश काढायला नवे पोर्टल लागत नाही, निधीही लागत नाही. तो आपल्या सहीने या महिन्यात निघावा, एवढी पहिली विनंती.

आपले,
माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनच्या अर्जांना मदत करणारे कार्यकर्ते