शंभर टक्के हरित वीज, तरी इंधन समायोजन आकार कशाचा?

दि. १७ जून २०२४

प्रति,
व्यवस्थापक, हरित वीज योजना कक्ष

विषय: मे २०२४ च्या घरगुती देयकात हरित अधिभार आणि इंधन समायोजन आकार दोन्ही लावल्याबाबत

महोदय,

आपल्या मदत केंद्राने माझी तक्रार आज पुन्हा न सोडवता ‘सोडवली’ म्हणून बंद केली, त्यामुळे हे पत्र. हरित वीज म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या स्रोतांची वीज, आणि तिच्याबाबत महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आदेश काय, हे आपल्याला सांगायची गरज नसावी. बिल मात्र मला समजावून हवं आहे.

जोडणी घरगुती, सिंगल फेज. मे महिन्याचा वापर २८० युनिट. निवड १०० टक्के हरित विजेची. स्थिर आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) यांबद्दल माझी तक्रार नाही. तारा, रोहित्रं आणि लाइनमन हरित ग्राहकालाही लागतातच. खाली हरित अधिभार, म्हणजे हरित विजेसाठी युनिटामागे मोजायचे जास्तीचे पैसे, आयोगाने मार्च २०२१ मध्ये ठरवलेल्या ६६ पैशांच्या दराने: १८४ रुपये ८० पैसे. तोही मान्य, स्वखुशीने घेतला आहे. पण त्याच्याच खालच्या ओळीत इंधन समायोजन आकाराचे ९८ रुपये आहेत, तेसुद्धा पूर्ण २८० युनिटांवर. शिवाय या दोन्हींवर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी ४५ रुपये २५ पैसे.

इंधन समायोजन आकार म्हणजे मंजूर वीजखरेदी खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक. हा फरक पडतो कोळशाच्या भावामुळे, रेल्वेच्या भाड्यामुळे, आयात कोळसा मिसळल्यामुळे आणि उन्हाळ्यात मागणी चढली की एक्सचेंजवरून, म्हणजे विजेच्या बाजारातून, महाग वीज उचलल्यामुळे. सौर आणि पवन प्रकल्पांशी आपले करार बहुतेक २५ वर्षांचे, दर आधीच ठरलेला. यंदा उन्हाचा भाव वाढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. मग माझ्या २८० युनिटांसाठी नेमकं कोणतं इंधन महागलं?

नेमका हाच प्रश्न मी मदत केंद्राला विचारला. उत्तर आलं, “मॅडम, रात्री सूर्य नसतो ना, म्हणून रात्री कोळशाची वीज येते. त्याचा तो चार्ज आहे.” मी म्हटलं, ठीक, मग रात्रीच्या युनिटांवरचे ६६ पैसे परत करा, कारण ती वीज हरित नव्हती असं आपणच म्हणताय. बराच वेळ गाणं वाजलं. मग: “नाही मॅडम, रात्रीची पण हरितच असते. सर्टिफिकेटमध्ये शंभर टक्के लिहिलंय ना.” मग इंधन आकार कसला? “तो सगळ्यांना लागतो.” सगळ्यांनी ६६ पैसे जास्त भरलेत का? “नाही, ते फक्त तुम्ही.” त्यानंतर फोन वरिष्ठांकडे गेला. त्यांनी मोठ्या मायेने सांगितलं, “मॅडम, पर्यावरणासाठी एवढं तर करायलाच पाहिजे.” फोन ठेवायच्या आत मेसेज हजर: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया पाच तारे द्या. तारे रात्री दिसतात, तेव्हा देईन म्हणते.

तारेतून येणारे इलेक्ट्रॉन वेगळे काढता येत नाहीत, हे मला माहीत आहे. हरित वीज हा हिशोबाचाच व्यवहार आहे, आणि म्हणूनच हिशोब नीट हवा. हिशोबात वीज हरित असेल, तर हिशोबात इंधन शून्यच असलं पाहिजे.

आता आपल्या जाहिरातीतल्या ‘कार्बनमुक्त घरा’बद्दल. या बिलाच्या काळात कोळशावर टनामागे ४०० रुपयांचा उपकर होता. २०१० मध्ये तो ५० रुपयांपासून सुरू झाला, २०१६ मध्ये ४०० झाला, आणि जीएसटी आल्यावर त्याचं नाव भरपाई उपकर झालं. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे कोळशाच्या प्रत्येक युनिटामागे २४ ते २८ पैसे उपकर. तो खरेदी खर्चात मिसळून माझ्या वीज आकारात आला, कारण तो दर सरासरी खरेदी खर्चावरच ठरतो. म्हणजे कोळशावरचा उपकरही मी भरला, आणि कोळसा टाळण्याचा अधिभारही मीच भरला.

टनाचा हिशोब त्याहून मजेशीर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानुसार २०२२-२३ मध्ये देशात युनिटामागे सरासरी ०.७१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. त्या हिशोबाने माझे युनिटाचे ६६ पैसे म्हणजे टाळलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे ९२० रुपये. आपला एक टन कोळसा जळून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे औष्णिक केंद्राला एक टन कार्बन डायऑक्साइडमागे उपकराचे जेमतेम २७० रुपये पडले, आणि तेही शेवटी ग्राहकाकडूनच वसूल झाले. ‘तुमचे कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारे, विकता येणारे गुण) पुढे जमा होतील’ असंही मला एकदा सांगण्यात आलं. २०२३ ची केंद्राची कार्बन क्रेडिट योजना मुख्यतः उद्योगांच्या उत्सर्जन लक्ष्यांवर उभी आहे. माझ्या मीटरवर क्रेडिट जमा करणारं कलम त्यात कुठे आहे, ते कृपया दाखवा.

नवीकरणीय खरेदीचं बंधनही आहेच, म्हणजे एकूण विजेचा ठरावीक हिस्सा हरित स्रोतांतून घेण्याची वीज कंपनीवरची सक्ती. केंद्राने २०२४-२५ साठी ते २९.९१ टक्के ठेवलं आहे. तेवढी वीज कंपनीला तशीही घ्यायची आहे आणि तिचा खर्च साध्या दरात आलेलाच आहे. २८० पैकी सुमारे ८४ युनिटांवर मग अधिभार दुसऱ्यांदा का? आणि उरलेली १९६ युनिटं आपण स्वतःच्या बंधनाच्या पूर्ततेत दाखवता का? दाखवत असाल, तर माझ्या पैशांनी जगात एकही जास्तीचं हरित युनिट तयार झालं नाही, फक्त आपलं बंधन स्वस्तात पार पडलं. हे बंधन पुरं करायला विकत घेता येणारं, १००० हरित युनिटांचं एक नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र एक्सचेंजवर ६६० रुपयांच्या बरंच खाली मिळतं, हे आपल्या खरेदी विभागाला ठाऊक असेलच.

आपण दिलेल्या हरित प्रमाणपत्रावर प्रकल्पाचं नाव नाही, सौर की पवन ते नाही, महिना नाही, युनिटं नाहीत. हिरवं पान तेवढं छान छापलंय.

ही योजना मुळात आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या लोकांसाठी सोयीची होती, ज्यांच्या नावावर छप्पर नाही. सोसायटीत मीच चार घरांना तिचा अर्ज भरायला लावला. आता त्याच घरांना बाहेर पडायचा अर्ज देईन, आणि गच्चीवर सामायिक सौर पॅनेलचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडेन. नेट मीटरसाठी (पॅनेलची वीज आपल्याला दिली की बिलातून वजा करणारा मीटर) आपल्याकडेच यावं लागेल, ते वेगळं.

मागणी अशी: योजनेत आल्यापासून हरित युनिटांवर घेतलेला इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क पुढच्या बिलात वजा करा. हरित युनिटांवर इंधन समायोजन आकार पुन्हा लावू नका. प्रमाणपत्रावर प्रकल्प, स्रोत, महिना आणि युनिटं छापा, आणि ती युनिटं कंपनीच्या बंधनात मोजली की नाही ते लेखी कळवा. इंधन आकार लावायचाच असेल, तर आयोगाच्या आदेशातला परिच्छेद क्रमांक द्या; ‘सगळ्यांना लागतो’ हा परिच्छेद मला सापडला नाही.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचात अर्ज, आणि तिथेही हेच झालं तर विद्युत लोकपाल. उत्तर लेखी हवं. मदत केंद्राचा फोन नको.

आपली,
हरित वीज योजनेची (अजून तरी) ग्राहक

सोबत: मे २०२४ चं देयक, हरित प्रमाणपत्राची प्रत, ‘तक्रार निवारण झाले’ या मेसेजचा स्क्रीनशॉट