लाल वाईन कपाटात ठेवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानले, तर तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, नाशिकमध्ये, द्राक्षबागांपासून इतक्या जवळ राहूनही वाईनबरोबर चीज कसे खावे हे नेमके कोणाला विचारावे, असा प्रश्न पडणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या दीर्घ वास्तव्यात तुम्ही जे शिकलात, ते शेजारधर्म म्हणून मला इतक्या सहज दिलेत, की त्याची कुठेतरी लेखी नोंद राहावी असे मनापासून वाटते.

सर्वांत मोठा उपकार पहिल्याच संध्याकाळचा. चीज आणि वाईन म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर लाल वाईनच येते. तुम्ही मात्र ती बाटली उचलून सरळ कपाटात ठेवलीत आणि चीजच्या बाबतीत पांढरी वाईन अधिक सोयीची असते, असे ठामपणे सांगितलेत. त्यामागचे कारणही लगेच समजावलेत. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तशी तोंडात कोरड पडते. त्यात ब्रीसारखे मऊ, पांढऱ्या बुरशीच्या सालीचे चीज खाल्ले, तर कडवट आणि काहीशी धातूसारखी चव मागे राहते. पांढऱ्या वाईनमध्ये रस सालींपासून लवकर वेगळा केलेला असल्याने टॅनिन फारच कमी असते, आणि तिचा आंबटपणा चीजमधील स्निग्धांश जिभेवरून धुऊन नेतो. कोणी चीज आणि वाईनचा बेत करून नाराज झाल्याचे सांगितले, की ग्लासात लाल होती का, हे मी आता आधी विचारते. उत्तर बहुतेक वेळा होकारार्थीच येते.

शेळीच्या दुधाचे ताजे चीज आणि सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची वाईन ही तुम्ही दिलेली पहिली जोडी. नुसते खाल्ले तेव्हा ते चीज मला जरा उग्र वाटले होते. वाईनच्या घोटानंतर त्याचा उग्रपणा कमी झाला आणि चक्क्यासारखी आंबटसर चव पुढे आली. मग तुम्ही फ्रान्सचा नकाशा काढून लुआर नदीचे खोरे दाखवलेत. सान्सेर या गावाची पांढरी वाईन सोव्हिन्यॉं ब्लांचीच असते, आणि क्रोतॅं द शाविन्योल हे शेळीच्या दुधाचे छोटे गोल चीज ज्या शाविन्योलच्या नावाने ओळखले जाते, ते गाव सान्सेरच्याच हद्दीत आहे. एकाच टेकडीवरच्या लोकांनी शेळ्याही पाळल्या आणि द्राक्षेही लावली, तेव्हा ही जोडी कोणा तज्ज्ञाने शोधून काढलेली नाही, ती रोजच्या जेवणातून जमली, असे तुमचे म्हणणे होते. त्याच नदीकाठी थोडे पुढे तुरेन प्रांतात सॅंत-मोर हे लांबट चीज होते, ज्याच्या मधोमध गवताची एक काडी असते आणि बाहेरून राख लावलेली असते. त्याच्यासोबत तिथले लोक वूव्रेची वाईन घेतात आणि ती असते शेनिन ब्लांची. हे ऐकताना मला विशेष आनंद झाला, कारण शेनिन ब्लां म्हणजे आपल्या नाशिकच्या पांढऱ्या वाईनचे मुख्य द्राक्ष. लुआरकाठच्या दोन्ही पांढऱ्या जाती आपल्याकडे रुजल्या आहेत, तेव्हा त्यांच्यासोबत काय खावे हेही तिथूनच शिकायला काय हरकत आहे?

अर्थात तिथली द्राक्षे आणि इथली द्राक्षे एकसारखी नाहीत, हेही तुम्ही लपवले नाहीत. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षे शरद ऋतूत काढली जातात. आपल्याकडे वेलाला झोप अशी मिळतच नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खरड छाटणी आणि पाऊस सरल्यावर गोडी छाटणी करून बागायतदार पीक हिवाळ्यात आणतो, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असेल, तर द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि चीजला तोच आंबटपणा हवा असतो. माझे माहेर द्राक्षबागायतदाराचे. गोडी छाटणीच्या दिवसांतली धावपळ मी लहानपणापासून पाहिली आहे, पण तिचा चीजशी काही संबंध असेल, असे मला कोणी सांगितले नव्हते.

खाण्याची तुमची रीत मी जशीच्या तशी पाळते. आधी चीजचा छोटा तुकडा सावकाश चावायचा, त्याचा स्निग्धपणा तोंडात असतानाच वाईनचा घोट घ्यायचा, आणि मग पुन्हा चीज खाऊन पाहायचे, कारण खरा फरक या दुसऱ्या तुकड्यालाच कळतो. सौम्य चीजपासून तीव्र चीजकडे जायचे. सोबत साधा पाव आणि पाणी एवढेच. मसाला पापड आणि चिवडा तुम्ही टेबलावर येऊ दिला नाहीत, हे माझ्या यजमानांनी अजून मनावर घेतलेले आहे. चीज फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढावे हा फ्रान्समधला नियम नाशिकच्या मे महिन्यात अर्ध्या तासावर आणावा, आणि लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी असे जिथे लिहिलेले असते तिथे ती खोली आपली नसते, हे तुमचे वाक्य मी अनेकांना ऐकवले आहे. लाल वाईनला १६ ते १८ अंश पुरतात. आपल्याकडे तीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते.

निळ्या बुरशीच्या चीजबद्दल मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. त्याचा वास येताच सासूबाई देवघराचे दार लावून घेतात, आणि मीही ते तोंडात घालीन असे मला वाटले नव्हते. तुम्ही घाई केली नाहीत. आधी रोकफोरची माहिती सांगितलीत: मेंढीचे दूध, कोंबालू डोंगरातल्या गार आणि ओलसर गुहा, आणि तिथेच पक्व होणारे ते निळ्या शिरांचे चीज, ज्याच्या नावाला फ्रान्समध्ये १९२५ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच्यासोबत बोर्दोजवळची सोतेर्न ही गोड वाईन घेतात, आणि गंमत अशी की तीही बुरशीचीच देणगी आहे. द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी चढते, त्यांतले पाणी उडून जाते आणि साखर व सुगंध मागे उरतो. आपल्याकडे तशी बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाईन नसली, तरी वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या शेनिन ब्लांची गोड वाईन नाशिकमध्ये मिळते, आणि तुम्ही तीच ग्लासात ओतलीत. चीजचा खारटपणा वाईनच्या गोडीने झाकला गेला आणि वाईन एरवी जितकी गोड वाटते तितकी वाटेनाशी झाली. इतकी वेगळी दोन टोके एकमेकांना इतकी सावरून घेतील, याची मला कल्पना नव्हती. आजही कोणा नवख्याला एकच जोडी द्यायची झाली तर मी हीच देईन, मग सासूबाई काहीही म्हणोत.

लाल वाईनला तुम्ही कायमची बंदी घातली नव्हती, हेही नमूद करायला हवे. चांगल्या मुरलेल्या, आत अमिनो आम्लाचे कुरकुरीत कण धरलेल्या गौडा चीजबरोबर नाशिकची शिराझ ही लाल वाईन चालते, कारण अशा कठीण चीजमधली प्रथिने आणि चरबी टॅनिनला धरून ठेवतात. ज्युरा प्रांतातले कोंते चीज आणि तिथली व्हॅं जोन ही पिवळी वाईन तर तुम्ही स्वतःसाठी जपून ठेवलेल्या बाटलीतून चाखायला दिलीत. किमान ६ वर्षे ३ महिने पिंपात, यीस्टच्या पातळ पडद्याखाली राहिलेली आणि ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरलेली ती वाईन, तिचा अक्रोडासारखा वास, हे सारे तुम्ही कोणाही पाहुण्यासाठी उघडले नसते, याची मला जाणीव आहे.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानले पाहिजेत. आमच्या घरी काही जण शुद्ध शाकाहारी आहेत. पारंपरिक रोकफोर, कोंते किंवा पार्मेझान यांत दूध घट्ट करण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे तुम्ही आपणहून सांगितलेत, आणि त्यांच्यासाठी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या विकराने बनवलेले, वेष्टनावर हिरवा ठिपका असलेले चीज वेगळ्या ताटलीत मांडलेत. पुष्कळ यजमान हा विषय टाळतात.

एका बाबतीत मात्र आपले एकमत झालेले नाही. मुंबईच्या पारशी घरांतले टोपली पनीर इतके मऊ आणि हलके असते, की कोणतीही वाईन त्याला गिळून टाकील, असे तुमचे मत आहे. माझे म्हणणे असे की, थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां ते ज्या खारट निवळीत ठेवतात तिच्या मिठाशी नक्की जुळेल. पुढच्या महिन्यात माझी नणंद दादरहून येताना ते पनीर घेऊन येणार आहे. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वेळ काढावा, ही विनंती.

तुमची कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण