तापकीर गल्लीतल्या त्या दादांचे मनापासून आभार
लॅपटॉपचं बायोस, म्हणजे तो सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होत असतानाच लाईट गेली, बॅटरी आधीच बाद, मग लॅपटॉपचा नुसता पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. दोन ठिकाणी मदरबोर्ड बदला म्हणाले. शेवटी पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दादांनी बोर्ड उघडून बायोस ज्यात असतं ती ८ पायांची चिप भिंगाखाली बघितली, १.८ व्होल्टची आहे, थेट ३.३ दिले तर जळू शकते म्हणून मध्ये अ‍ॅडाप्टर लावला, चिपमधला जुना डेटा दोनदा वाचून ताडून पाहिला, त्यातला सिरियल नंबर नव्या बायोस फाईलमध्ये घातला आणि मगच ती चिपवर लिहिली, म्हणजे फ्लॅश केली. शटर अर्धं खाली आलेलं, तरी एकुलतं स्टूल मला देऊन स्वतः उभ्यानेच काम करत होते. लोगो दिसला तेव्हा रडूच आलं मला, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. दादा, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, खूप खूप आभार!